नकाशा आधी, मतपेटी नंतर : नगर हवेली, दमण आणि १९६७ चा कौल

वापी स्टेशनला उतरून पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात दमणची हद्द लागते. पूर्वेला निघालं की दादरा लागतं आणि पुढे सिल्वासा. दोन्हीकडे जाताना गुजरात सोडावा लागतो, आणि मधलं वापी मात्र गुजरातेत. सुरतेहून हा भाग शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. १९६४ मध्ये वलसाड जिल्हा वेगळा निघेपर्यंत मधली ही सगळी पट्टी सुरत जिल्ह्यातच मोडत होती. म्हणजे पोर्तुगीज दमणचा जमिनीवरचा शेजारी सुरत जिल्हाच. त्यामुळे हा विषय सुरतेच्या स्थानिक इतिहासाचाच आहे, बाहेरून आणलेला नाही.

आपल्याकडे गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलाची गोष्ट निघाली की चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. गोवा महाराष्ट्रात यायला हवा होता की नाही, मराठी की कोंकणी, कोण जिंकलं, कोण हरलं. त्याच दिवशी दमण आणि दीवमध्येही मतदान झालं होतं आणि तिथे प्रश्न गुजरातचा होता, हे बऱ्याच जणांच्या ध्यानातच नसतं. नगर हवेलीत मात्र त्या दिवशी मतदान झालं नाही. तेरा वर्षांपूर्वीपर्यंत एकाच दमण जिल्ह्याचा भाग असलेल्या दोन तुकड्यांपैकी एकाला विचारलं आणि दुसऱ्याला विचारलं नाही. असं का?

मी शिक्षणाने आणि नोकरीने सिव्हिल इंजिनिअर. सर्व्हेत आधी बेंचमार्क ठरतो, मग बाकीच्या सगळ्या उंच्या त्याच्यावरून काढतात. मतदानाचंही तसंच आहे. लोकांना विचारायच्या आधी 'लोक' म्हणजे कुठपासून कुठपर्यंतचे, हे कोणीतरी ठरवलेलं असतं. यादीत कोण, कागदावर पर्याय किती, मोजणी गावनिहाय की सगळी एकत्र, हेही आधीच ठरतं. निकाल बराचसा तिथेच घडतो. दमण आणि हवेलीचा इतिहास हे फार स्वच्छ दाखवतो.

सनद : बारा हजारांचा सरंजाम

दमण पोर्तुगीजांनी १५५९ मध्ये घेतलं. नगर हवेली त्यांच्याकडे आली ती सव्वादोनशे वर्षांनी, आणि लढून नव्हे. सवाई माधवरावांच्या नावाने पुण्याचा कारभार नाना फडणीस पाहत असताना १७७९ मध्ये पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्यात दमणजवळची, वर्षाला बारा हजार रुपये वसुलाची गावं पोर्तुगीजांना द्यायची असं ठरलं. मराठ्यांच्या आरमाराने पकडलेल्या एका पोर्तुगीज जहाजाची भरपाई, अशी त्यामागची कथा सांगतात. पुढे १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा निघाल्या आणि नगर हवेली व दादरा त्यांच्याकडे गेले.

हा कागद १८० वर्षांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उघडला गेला. त्यावेळी प्रश्न एकच होता : पेशव्यांनी जमीन दिली की जमिनीचा वसूल दिला? पोर्तुगालचं म्हणणं, सार्वभौमत्वच दिलं. भारताचं म्हणणं, दिला तो फक्त सरंजाम. न्यायालयाने या मुद्द्यावर मराठी कागदांची बाजू मानली. जहागीर किंवा सरंजाम म्हणजे वसुलाचा हक्क, अशा देणगीतून मुलूख परक्याच्या सार्वभौम मालकीचा झाला असं एकही उदाहरण आमच्यासमोर आलेलं नाही, असा निष्कर्ष निकालपत्रात आहे. मोडी वाचणाऱ्या आपल्या सभासदांना याचा आनंद व्हायला हरकत नाही.

पण निकाल तिथे थांबत नाही. मराठ्यांची सत्ता गेल्यावर इंग्रजांनी या गावांवरचा पोर्तुगीजांचा सार्वभौम हक्क प्रत्यक्ष व्यवहारात मान्य केला आणि पुढे भारतानेही तो मूकपणे चालू दिला, असं न्यायालयाने म्हटलं. थोडक्यात, वसुलाच्या हक्काचं रूपांतर राज्यात झालं ते पुढच्या सरकारांनी गप्प राहून. या सगळ्या काळात हवेलीतल्या वारली, कोकणा, धोडिया माणसांना कोणी काही विचारल्याची नोंद शोधायला जाऊ नका. त्या व्यवहारात ती माणसं म्हणजे वसुलाचा आकडा होती.

१९५४ ते १९६१ : सात वर्षांचं मोकळं राज्य

जुलै १९५४ च्या उत्तरार्धात दादरा मुक्त झालं आणि २ ऑगस्टला सिल्वासा. युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स, आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक यांनी हे केलं. सुधीर फडके यांचा त्यातला सहभाग मराठी वाचकाला माहीत आहेच. भारताने आपलं सैन्य आत पाठवलं नाही, पण दमणहून हवेलीत जायला निघालेल्या पोर्तुगीजांना मधली वाट दिली नाही. ही मधली वाट म्हणजे आपला तेव्हाचा सुरत जिल्हा.

डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल हेगला गेलं. निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना १९५४ मध्ये जाण्यायेण्याचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा यांना तो नव्हता. आणि भारताने आपलं कर्तव्य मोडलेलं नाही. या निकालानंतर तीन आठवड्यांच्या आत, १ मे १९६० ला, मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि ही वाट गुजरात राज्यात आली.

या मधल्या सात वर्षांत दादरा आणि नगर हवेली ना पोर्तुगालच्या ताब्यात होती, ना कायद्याने भारताचा भाग. तिथे स्वतःचं प्रशासन होतं, वरिष्ठ पंचायत होती. पोर्तुगीज तिकिटांवर इंग्रजीत 'मुक्त प्रदेश' असा शिक्का मारून टपाल चालत होतं. तिकिटं जमवणाऱ्यांना ती तिकिटं ठाऊक असतील. व्यवहारात हे एक इवलंसं स्वतंत्र राज्यच. ४९१ चौरस किलोमीटरचं.

१२ जून १९६१ ला वरिष्ठ पंचायतीने भारतात सामील होण्याचा ठराव केला. करारावर सही करायला त्या बाजूचा शासनप्रमुख हवा, म्हणून भारतीय प्रशासन सेवेतले के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरतं तिथलं पंतप्रधान केलं गेलं. दहावी घटनादुरुस्ती झाली आणि ११ ऑगस्ट १९६१ पासून हा भाग केंद्रशासित प्रदेश झाला.

आता इथे थांबून विचारायला हवं : याला मतदान म्हणायचं का? पाँडिचेरीकडे पाहिलं तर पद्धत ओळखीची वाटते. १८ ऑक्टोबर १९५४ ला किळूर इथे फ्रेंच वसाहतींचे १७८ लोकप्रतिनिधी जमले आणि १७० जणांनी भारताच्या बाजूने मत दिलं. हवेलीतही पंचायतीनेच ठरवलं. दोन्हीकडे प्रत्येक प्रौढ माणसाच्या हातात मतपत्रिका दिली गेली नाही.

गुजरातेतच याहून वेगळं उदाहरण आहे. जुनागढच्या नवाबाने सप्टेंबर १९४७ मध्ये पाकिस्तानात सामील व्हायचं ठरवलं. ९ नोव्हेंबरला भारताने तिथला कारभार हाती घेतला आणि २० फेब्रुवारी १९४८ ला सार्वमत घेतलं. २,०१,४५७ नोंदलेल्या मतदारांपैकी १,९०,८७० जणांनी मत दिलं आणि पाकिस्तानच्या बाजूने फक्त ९१ मतं पडली. आकडा एवढा एकतर्फी आहे की आपण तिथेच वाचणं थांबवतो. खरी गाठ त्याच्या बाजूला आहे. मांगरोळ आणि बाबरियावाड हे जुनागढचेच भाग की स्वतंत्र, यावरून १९४७ मध्ये केवढा वाद झाला होता. मांगरोळ जुनागढचं धरलं तर नवाबाची सही त्यालाही लागू; स्वतंत्र धरलं तर नाही. म्हणून मतदानाच्या दिवशी मांगरोळ, बाबरियावाड, माणावदर, बांटवा, सरदारगढ यांची मतं वेगळी घेतली गेली. तिथे ३१,४३४ मतं पडली, त्यातली ३९ पाकिस्तानला. वेगळी पेटी ठेवणं म्हणजेच 'हे वेगळे आहेत' असं सांगणं. तो निर्णय मतदारांनी घेतलेला नव्हता.

१६ जानेवारी १९६७

गोवा, दमण आणि दीव १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीजांकडून सुटले आणि तिघांचा मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला. हवेली चारच महिने आधी वेगळ्या कायद्याने आत आली होती, म्हणून ती या गटात आली नाही. १९६७ मध्ये हवेलीला का विचारलं नाही, याचं उत्तर या चार महिन्यांत आहे.

या प्रदेशाच्या विधानसभेत तीस जागा : गोव्याला अठ्ठावीस, दमणला एक, दीवला एक. डिसेंबर १९६३ मध्ये दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं ध्येय विलीनीकरण. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाचा त्याला विरोध. विधानसभेत बहुमताने ठरवून टाकू, असं एका बाजूचं म्हणणं. एवढा मोठा निर्णय थेट लोकांना विचारूनच व्हावा, असं दुसऱ्या बाजूचं. शेवटी संसदेने १९६६ च्या डिसेंबरात जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला.

गोव्यात मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश. ३,१७,६३३ लोकांनी मतदान केलं. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मतं पडली. फरक ३४,०२१. हिशेब केला तर १७,०११ माणसांनी मत बदललं असतं तर निकाल उलटला असता. दमण-दीवमध्ये प्रश्न वेगळा होता, गुजरातेत जायचं की केंद्राकडे राहायचं. तिथेही लोकांनी केंद्रशासितच राहायचं ठरवलं.

या कौलाच्या पोटात हद्दीचे तीन प्रश्न होते.

पहिला, यादीचा. मुंबईत आणि परदेशात राहणाऱ्या गोवेकरांना मत द्या, अशी सिक्वेरांची मागणी होती. ती मानली गेली नाही. माणूस गोव्याचा आहे हे जन्माने ठरवायचं की राहण्याने? सरकारने राहणं धरलं. उधना-लिंबायतमध्ये राहणाऱ्या आपल्या खानदेशी मंडळींना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. मत सुरतेत, शेत आणि सोयरीक नंदुरबार-धुळ्याकडे.

दुसरा, पर्यायांचा. कागदावर दोनच वाटा होत्या. स्वतंत्र घटक राज्य ही तिसरी वाट नव्हती. भारतात राहायचं की नाही हा प्रश्न तर नव्हताच. भारताच्या दृष्टीने तो १९६१ मध्ये मिटला होता आणि पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात तो मिटल्याचं मान्य केलं. दोन पानांना मत देणाऱ्यांत कायम दिल्लीच्या हाताखाली राहू इच्छिणारे किती आणि आज विलीनीकरण टळलं तर उद्या राज्य मिळवू म्हणणारे किती, हे त्या पेटीतून कळायचा मार्गच नव्हता.

तिसरा, मोजणीचा. फुलाचा जोर पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या नव्या काबिजादींत होता, तर सासष्टीसारख्या जुन्या काबिजादीने दोन पानं भरभरून उचलली. पेडणे आणि सत्तरी तर महाराष्ट्राला लागूनच. पण गोवा हा एकच घटक धरला होता. तालुक्याच्या कौलाने तालुक्याचं भवितव्य ठरणार नव्हतं.

एकत्र मोजायचं की तुकड्यांनी?

हा तिसरा प्रश्न जगभर आलेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर डेन्मार्क आणि जर्मनीमधल्या श्लेस्विगमध्ये १९२० साली मतदान झालं. उत्तर भागाची मतं एकगठ्ठा मोजायची आणि दक्षिण भागाची गावोगाव, असं आधी ठरलं होतं. उत्तर भाग डेन्मार्कला गेला, आणि त्याच्यासोबत टोंडरसारखं जर्मन बहुमताचं शहरही गेलं. तीच माणसं, तीच मतं, पण उत्तरेतही गावोगाव मोजलं असतं तर नकाशा वेगळा निघाला असता.

आपल्याकडे सिल्हेटमध्ये उलट झालं. जुलै १९४७ मध्ये सबंध जिल्ह्याने मत दिलं : पूर्व बंगालसाठी २,३९,६१९, आसामात राहण्यासाठी १,८४,०४१. मतदान एकगठ्ठा, तरी नंतर रॅडक्लिफ यांच्या रेषेने करीमगंजकडचा भाग भारतात ठेवला. मोजणी जिल्ह्याची आणि वाटणी ठाण्यांची. अगदी अलीकडे, २०१४ मध्ये, स्कॉटलंडने स्वतंत्र व्हावं का यावर मतदान व्हायचं होतं. तेव्हा शेटलंड आणि ऑर्कनी बेटांना वेगळं विचारा, अशी मागणी झाली होती. ती मान्य झाली नाही.

दमण-दीवला १९६७ मध्ये निदान वेगळा प्रश्न मिळाला, हे या रांगेत ठेवून पाहिलं तर लहान गोष्ट नाही. गोव्याच्या तीन लाख मतांत दमणची मतं मिसळली असती तर ती दिसलीसुद्धा नसती. त्या लहानशा गावाला स्वतःची पेटी मिळाली, आणि त्याने गुजरातेत न जाण्याचं ठरवलं. आजूबाजूला सगळीकडे गुजरात आणि बोलीही गुजराती. तरीही. भाषा एक म्हणजे राज्य एक, हे गणित गोव्यातल्या मराठीबाबत चाललं नाही, तसंच दमणमधल्या गुजरातीबाबतही चाललं नाही. आपण मराठी माणसं पहिल्या निम्म्या वाक्यावर साठ वर्षं भांडतो. दुसरं निम्मं वाक्य शेजारीच पडलेलं असतं.

जिथे पेटीच आली नाही

आता सुरत जिल्ह्याच्या बाकीच्या कडा पाहू. १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याने ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली आणि पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतली काही गावं गुजरातला दिली. गावांची यादी कायद्याच्या परिशिष्टात आहे. तापीवरच्या उकाई धरणाचं पाणी कुठवर येणार, याचा खानदेशातल्या गावांशी थेट संबंध होता. डांगवरून तर दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं जोरदार दावे केले, आणि डांग गुजरातेत गेलं. यातल्या एकाही गावात 'तुम्हाला कुठे जायचं' अशी मतपेटी फिरली नाही. उच्छल-निझर भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात खानदेश अजून ऐकू येतो. त्यांचं राज्य एका परिशिष्टाने बदललं.

दमणचंही पुढे तेच झालं. ३० मे १९८७ ला गोवा घटक राज्य झालं आणि दमण-दीव मागे उरून वेगळा केंद्रशासित प्रदेश बनला. १९६७ मध्ये दमणने केंद्रशासित राहायचं म्हटलं होतं ते गोव्यासोबतच्या प्रदेशात. वीस वर्षांनी ती सोबत गेली, तेव्हा पुन्हा विचारणा झाली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने कायदा केला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली एकत्र झाले. १९५४ मध्ये तुटलेले दोन तुकडे पुन्हा जोडले गेले, पोर्तुगीज दमण जिल्ह्याच्या जुन्या नकाशासारखेच. याही वेळी मतदान नाही. राज्यघटनेप्रमाणे हा अधिकार संसदेचा आहे, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्यात खोट काढता येत नाही. पण १९६७ चा दिवस किती दुर्मिळ होता, ते यावरून कळतं. एखाद्या प्रदेशाने कोणत्या राज्यात जावं, हे थेट मतदाराला विचारण्याचा प्रकार स्वतंत्र भारतात असा क्वचितच झाला.

या सगळ्या उलाढालीची एक खूण अजून टिकून आहे. दमणचा किंवा सिल्वासाचा माणूस आजही उच्च न्यायालयात जातो तो मुंबईच्या.

आता करण्यासारखं

गोव्याच्या कौलावर पुस्तकं आहेत, लेख आहेत, दरवर्षी १६ जानेवारीला भाषणं होतात. दमणच्या पेटीबद्दल लिहिलेलं त्यामानाने फारच कमी. त्या दिवशी दमणच्या मच्छीमाराने, कोळणीने, दुकानदाराने काय विचार करून मत दिलं? गुजरातेतली दारूबंदी मनात होती का? गोव्याशी असलेलं नातं, की पोर्तुगीज कागदांवरची नोकरी आणि पेन्शन? आपण सुरतेत बसून कारणं रचू शकतो, पण ती आपली कारणं असतील, त्यांची नव्हेत.

तेव्हा मतदानाला वयाची २१ वर्षं पूर्ण लागायची. म्हणजे त्या दिवशी मत दिलेला सर्वांत तरुण माणूससुद्धा आज ऐंशीच्या घरात आहे. मोटी दमणच्या आणि नानी दमणच्या गल्ल्यांत अशी माणसं अजून भेटतील, पण फार वर्षं नाही. आपल्या मंडळातल्या ज्यांची दमण-वापीकडे नाती आहेत, त्यांनी फोनवर रेकॉर्ड करता येईल तेवढं तरी करावं. मत कोणाला दिलं हे विचारू नये. ते गुप्तच राहू दे. त्या दिवशी समोर नेमका कोणता प्रश्न आहे असं त्यांना वाटलं होतं, एवढंच विचारावं. मतपत्रिकेवर छापलेला प्रश्न आपल्याला माहीत आहे. मतदाराने ऐकलेला प्रश्न त्यांनाच माहीत आहे.